रॉक संगीताचे एक वर्ष : १९९१

वर्ष सरत आले की हिशेब मांडावा, ही माणसाची जुनी सवय आहे. दुकानदार खातेवही मिटवतो, शेतकरी कणगीतले धान्य अजमावतो, मास्तर निकालपत्रके लिहितो. रॉक संगीताचा शौकीनही याला अपवाद नाही. डिसेंबर उजाडला की तो कागद-पेन्सिल घेऊन बसतो आणि वर्षभरात निघालेल्या अल्बमांपैकी आपल्याला सर्वांत आवडलेले दहा कोणते, याची यादी करू लागतो. पहिला क्रमांक कोणाला द्यावा यावरून मित्रामित्रांत वाद होतात, क्वचित अबोलाही होतो. ज्याला या संगीताचा गंध नाही त्याला हा सारा रिकामपणाचा उद्योग वाटेल. परंतु या याद्यांना एक गंभीर बाजू आहे. पुढच्या काळात काय ऐकले जाईल आणि काय विस्मृतीत जाईल, हे ठरविण्यात त्यांचा वाटा असतो. आणि लहान कंपन्यांनी पदरमोड करून काढलेल्या संगीताचे जगणे तर पुष्कळदा अशा तोंडी आणि लेखी शिफारशींवरच अवलंबून असते. हे कसे घडते, ते एका वर्षाचे उदाहरण घेऊन पाहू. ते वर्ष १९९१.

हेच वर्ष का, असं तुम्ही विचाराल. ते माझ्या तरुणपणाचे वर्ष नव्हे. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो आणि आज ज्यांच्याविषयी बोलणार आहे त्यांतला एकही अल्बम मी त्या वर्षी ऐकलेला नाही. पुढे महाविद्यालयात गेल्यावर मित्रांनी भरून दिलेल्या कॅसेटींवर ते एकेक करून कानांवर आले. तेव्हा ‘आमच्या वेळी’ असा सूर लावण्याचा मला अधिकार नाही. हे वर्ष निवडले ते एवढ्यासाठी, की त्या वर्षीची गाजलेली नावे आणि काळाच्या ओघात टिकलेली नावे यांतला फरक आज तीन दशकांनंतर स्पष्ट दिसतो.

आधी दोन शब्दांचा खुलासा केला पाहिजे. पहिला शब्द ‘अल्बम’. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. अशा अनेक तबकड्या पुस्तकासारख्या बांधणीत घालून विकत, म्हणून त्या संचाला अल्बम म्हणू लागले. १९४८ साली कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेऱ्या घेणारी, एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे चालणारी तबकडी आणली. बांधणी गेली, नाव राहिले. त्याबरोबर एक नवी सोयही झाली. कोणते गाणे आधी, कोणते नंतर, दोहोंच्या मध्ये किती विसावा, याचा विचार कलावंत करू लागले. कवितासंग्रहातल्या क्रमाला जसा अर्थ असतो, तसा अर्थ या क्रमालाही आला. रॉकचा शौकीन वर्षाची यादी करतो ती या अखंड कृतींची, सुट्या गाण्यांची नव्हे.

दुसरा शब्द ‘इंडी’. इंडिपेन्डंट, म्हणजे स्वतंत्र, याचे हे लाडके रूप. आज हा शब्द एका विशिष्ट ढंगाच्या गाण्यांना लावला जातो. परंतु मुळात त्याचा संबंध सुरांशी नसून व्यवहाराशी होता. मोठ्या कंपन्यांचे कारखाने, गाड्या आणि विक्रीचे जाळे न वापरता जी तबकडी दुकानापर्यंत पोचते ती इंडी. ब्रिटनमध्ये १९८० च्या आरंभी अशा तबकड्यांच्या खपाची वेगळी यादी छापली जाऊ लागली, तिची कसोटीही हीच होती. आपल्याकडे साठीच्या दशकात लघुनियतकालिके निघाली, किंवा पुढे १९७७ साली अशोक शहाण्यांच्या ‘प्रास’ने अरुण कोलटकरांच्या कविता पुस्तकरूपाने काढल्या, त्यांची आठवण ठेवली म्हणजे या कंपन्यांची जातकुळी चटकन ध्यानात येईल. एखाद-दोन माणसे, तुटपुंजे भांडवल, आणि आपल्याला जे आवडले ते लोकांपुढे यावे ही तळमळ.

तळमळ असली तरी देणी चुकत नाहीत. लंडनमध्ये १९७६ साली एका दुकानातून सुरू झालेल्या ‘रफ ट्रेड’ने अनेक लहान कंपन्यांचा माल देशभर पोचविण्याची व्यवस्था उभी केली होती. तिच्या वितरण शाखेचे दिवाळे निघाले ते याच १९९१ साली. आणि जिने माल उचलायचा तीच बुडाल्यामुळे तिच्यावर विसंबलेल्यांचे पैसेही अडकले. म्हणजे ज्या वर्षी हे संगीत जगापुढे आले, त्याच वर्षी त्याचा एक मोठा आधारस्तंभ कोसळला.

त्याच वर्षी अमेरिकेत मोजणीची रीतही बदलली. ‘बिलबोर्ड’ हे तिथल्या संगीतव्यवसायाचे साप्ताहिक. त्यातली खपाची यादी तोपर्यंत दुकानदारांना फोन करून, काय खपते आहे हे विचारून तयार होई. दुकानदार अंदाजाने सांगे. अंदाजात त्याची आवडनिवडही मिसळे. मे १९९१ पासून दुकानाच्या गल्ल्यावर वेष्टनावरच्या उभ्या रेघा यंत्राने वाचून खरा खप नोंदवला जाऊ लागला. तेव्हा असे दिसून आले की प्रतिष्ठित लोक ज्यांच्याकडे नाके मुरडत, ते संगीत समजले जात होते त्याहून पुष्कळ अधिक खपत होते. ऑगस्टमध्ये ‘मेटॅलिका’ या कर्णकर्कश म्हणून हिणवल्या गेलेल्या बँडचा अल्बम निघाला तो थेट पहिल्या क्रमांकावर.

आता त्या वर्षातल्या सर्वांत प्रसिद्ध अल्बमाकडे वळू. ‘निर्वाना’ या बँडचा ‘नेव्हरमाइंड’ २४ सप्टेंबर १९९१ रोजी निघाला. त्याआधीचा त्यांचा ‘ब्लीच’ हा अल्बम सिॲटल शहरातल्या ‘सब पॉप’ या चिमुकल्या कंपनीने १९८९ साली काढला होता. त्याच्या ध्वनिमुद्रणाचा सारा खर्च ६०६ डॉलर १७ सेंट आला होता. ही रक्कम ज्याने भरली, त्याने त्या अल्बमात एकही सूर वाजवलेला नाही. तरी कृतज्ञता म्हणून वेष्टनावर गिटारवादक म्हणून त्याचे नाव छापले! ‘नेव्हरमाइंड’च्या वेळी मात्र गेफन ही मोठी कंपनी पाठीशी होती. तरीही तिची अपेक्षा बेताचीच होती. अमेरिकेत पहिल्या खेपेला सुमारे ४६ हजार प्रती पाठवल्या गेल्या. जानेवारी १९९२ मध्ये या अल्बमाने मायकेल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला मागे सारून पहिला क्रमांक घेतला, आणि १९९९ पर्यंत एकट्या अमेरिकेत त्याने एक कोटी प्रतींचा टप्पा गाठला.

यात असे काय होते? कडवे हलक्या, दबक्या आवाजात आणि ध्रुवपद एकदम कानठळ्या बसतील इतके मोठे, ही त्याची मुख्य युक्ती. ही युक्ती आपण ‘पिक्सीज’ या बँडकडून घेतली, असे कर्ट कोबेनने पुढे मोकळेपणी सांगितले. आणि पिक्सीज हे लंडनच्या ‘फोर एडी’ या स्वतंत्र कंपनीचे कलावंत. म्हणजे बी लहान कंपन्यांच्या वाफ्यात रुजले आणि पीक मोठ्या कंपनीच्या खळ्यावर आले. सब पॉपला करारानुसार विक्रीतला काही वाटा मिळाला आणि आर्थिक अडचणीत सापडलेली ती कंपनी तगली. सगळ्यांचेच दैव असे बलवत्तर नसते.

आता गंमत पाहा. १९९१ संपताना अमेरिकेतल्या ‘स्पिन’ मासिकाने वर्षातला सर्वश्रेष्ठ अल्बम म्हणून ‘नेव्हरमाइंड’ची निवड केली नाही. तो मान त्यांनी दिला स्कॉटलंडच्या ‘टीनएज फॅनक्लब’ या बँडच्या ‘बँडवॅगनेस्क’ला. पुढे या निवडीची पुष्कळ थट्टा झाली. मला ती थट्टा अन्यायाची वाटते. ‘बँडवॅगनेस्क’ हा गोड चालींचा, मोठ्या मनाचा अल्बम आहे, आणि संपादकांनी खपाकडे न पाहता कानाला जे रुचले ते लिहिले. यादी करणाऱ्याचे काम तेच. कोणता अल्बम कोटीने खपणार हे भाकीत करायला तो काही ज्योतिषी नव्हे.

‘बँडवॅगनेस्क’ ब्रिटनमध्ये काढला तो ‘क्रिएशन’ या कंपनीने. ॲलन मगी आणि त्याच्या मित्रांनी १९८३ साली ती सुरू केली होती. या कंपनीने १९९१ च्या सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत तीन अल्बम काढले, आणि तिन्ही आजतागायत ऐकले जातात. पहिला ‘प्रायमल स्क्रीम’चा ‘स्क्रीमाडेलिका’, ज्यात रॉकची गिटार आणि रात्रीच्या नाचघरातला ठेका एकत्र आले. त्याला १९९२ साली पहिलेच मर्क्युरी पारितोषिक मिळाले. दुसरा ‘बँडवॅगनेस्क’. आणि तिसरा ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’चा ‘लव्हलेस’.

‘लव्हलेस’विषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. त्याचे काम १९८९ च्या फेब्रुवारीत सुरू झाले आणि १९९१ चा सप्टेंबर येईतो चालले. या काळात एकोणीस स्टुडिओ बदलून झाले. केविन शील्ड्स हा त्याचा कर्ता. गिटारला तारांचा ताण कमी-जास्त करणारा एक दांडा असतो. सामान्यतः वादक तो अधूनमधून दाबतो. शील्ड्सने तो उजव्या हाताच्या मुठीत धरूनच छेडायला सुरुवात केली. त्यामुळे प्रत्येक स्वरसंघात आपल्या जागी स्थिर न राहता सतत किंचित वर-खाली झुलत राहतो. आपल्याकडे मींड एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर नेते. इथे एकाच वेळी वाजणारे पाच-सहा स्वर मिळून तरंगतात, असे म्हणा ना. शील्ड्स आणि बिलिंडा बुचर यांचे गाणे या लाटांच्या वर न ठेवता आत बुडवलेले आहे. शब्द नीट ऐकू येत नाहीत, आणि ते यावेत अशी अपेक्षाही नाही. पहिल्यांदा ऐकताना यंत्रात काही बिघाड झाला आहे असेच वाटते. तिसऱ्या-चौथ्या खेपेला त्या धुक्यातून चाली दिसू लागतात.

या अल्बमाला अडीच लाख पौंड लागले आणि त्यापायी क्रिएशन बुडायला आली, असे सांगतात. शील्ड्सना तो आकडा मान्य नाही. आकडा कोणताही असो, खर्च कंपनीच्या ऐपतीबाहेर होता हे खरे. ब्रिटनच्या खपाच्या यादीत ‘लव्हलेस’ २४ व्या क्रमांकापर्यंत पोचला, पुढे गेला नाही. क्रिएशनने या बँडशी संबंध तोडले, आणि १९९२ साली आपला जवळजवळ निम्मा हिस्सा सोनीला विकला. बँडचा पुढचा अल्बम यायला २०१३ साल उजाडावे लागले. आता हिशेब कसा मांडायचा? वर्षअखेरीच्या खातेवहीत हा सरळ तोटा होता. आणि नव्वदीचे दशक संपताना ‘पिचफोर्क’ या इंटरनेटवरच्या नियतकालिकाने सबंध दशकातले उत्तम अल्बम निवडले, तेव्हा पहिला क्रमांक ‘लव्हलेस’ला दिला होता.

याहूनही बोलके उदाहरण ‘स्पायडरलँड’चे. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातील लुईव्हिल गावच्या ‘स्लिंट’ या बँडमधली चार मुले विशी-एकविशीची होती. १९९० च्या ऑगस्टमध्ये शिकागोला जाऊन त्यांनी चार दिवसांत सहा गाणी मुद्रित केली, आणि अल्बम बाजारात येण्यापूर्वीच बँड मोडला. शिकागोच्या ‘टच अँड गो’ कंपनीने मार्च १९९१ मध्ये तो काढला. ही कंपनी लेखी करारांपेक्षा शब्दावर चाले; खर्च वजा जाता उरेल ते कलावंत आणि कंपनी यांनी निम्मे-निम्मे वाटून घ्यायचे. वेष्टनावर खाणीच्या पाण्यात गळ्यापर्यंत उभ्या चौघांचे छायाचित्र, आणि मागे एक सूचना, की गायिका हवी आहे, इच्छुकांनी पत्र लिहावे.

गाणी म्हणायची, पण गाणे त्यात थोडेच. गायक पुष्कळदा नुसता बोलतो, तेही कुजबुजल्यासारखे. जत्रेतल्या ज्योतिषिणीच्या तंबूत शिरलेला मुलगा, जहाज फुटून किनाऱ्याला लागलेला कप्तान, अशा गोष्टी तो सांगतो. रॉकमध्ये सर्रास चार मात्रांचा ठेका असतो. इथे पाच किंवा सात मात्रांची आवर्तने येतात. झपतालाची आणि रूपकाची सवय असलेल्या आपल्या कानांना ते अवघड वाटत नाही, उलट ओळखीचे वाटते. गिटारी बराच वेळ दबून चालतात आणि मग एकदम कोसळतात. पण ‘नेव्हरमाइंड’मध्ये तो स्फोट केव्हा होणार हे आधी कळते, इथे कळत नाही. म्हणून ऐकणारा सावध बसून राहतो.

पहिल्या वर्षी त्याच्या फार थोड्या प्रती खपल्या. बँडच उरला नव्हता, तर कार्यक्रम कोण करणार आणि मुलाखती कोण देणार? ‘मेलडी मेकर’ या ब्रिटिश साप्ताहिकात स्टीव्ह अल्बिनी याने मात्र त्याला दहापैकी दहा तारे दिले. पुढे एकाने दुसऱ्याला कॅसेट भरून दिली, दुसऱ्याने तिसऱ्याला. १९९५ साली ‘किड्स’ या चित्रपटात त्यातले एक गाणे आले. २००५ साली त्या मुलांपैकी तिघे, आता प्रौढ झालेले, पुन्हा एकत्र आले, आणि २०१४ साली त्याच कंपनीने त्याची संग्राह्य आवृत्ती काढली. कंपनी टिकली म्हणून मूळ फिती जपल्या गेल्या, आणि शौकिनांनी यादीत नाव ठेवले म्हणून त्या फितींना मागणी राहिली. यातला एक दुवा जरी तुटला असता, तरी आज मला हे सांगता आले नसते.

याचा अर्थ लहान कंपनी तेवढी साधू आणि मोठी तेवढी दुष्ट, असा कोणी घेऊ नये. ‘टॉक टॉक’ या इंग्लिश बँडचा ‘लाफिंग स्टॉक’ त्याच सप्टेंबरात आला, आणि तो पॉलिडॉर या बड्या कंपनीच्या ‘व्हर्व्ह’ शाखेने काढला. मार्क हॉलिस याने लंडनच्या एका स्टुडिओत अंधार करून वादकांना एकेकटे बसवले, सुचेल ते वाजवायला सांगितले, आणि जमलेल्यातला बहुतेक भाग टाकून देऊन उरलेल्या तुकड्यांतून सहा गाणी रचली. त्यात स्वरांइतकाच मौनाला मान आहे. विलंबित ख्यालात दोन स्वरांमधली जागा ज्याला ऐकू येते, त्याला हा अल्बम परका वाटणार नाही. त्याचा खप नगण्य होता. बड्या कंपनीनेही कधी कधी असा खर्च सोसला आहे, हे नोंदवले पाहिजे.

आणखी एक नाव घेतल्याशिवाय हे वर्ष पुरे होत नाही. ‘आर. ई. एम.’ हा जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स गावचा बँड. लहान कंपन्यांबरोबर पुष्कळ वर्षे काढून १९८८ साली तो वॉर्नर ब्रदर्सकडे गेला. मार्च १९९१ चा त्यांचा ‘आउट ऑफ टाइम’ अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे पहिला आला. त्यातले ‘लुझिंग माय रिलिजन’ हे गाणे मँडोलिनवर उभे आहे, आणि गिटारवादक पीटर बक ते वाद्य तेव्हा नुकतेच शिकत होता. नावाचा धर्माशी संबंध नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडचा तो वाक्प्रचार आहे, संयम सुटणे या अर्थाचा. त्या गाण्याचे चित्रीकरण केले ते जालंधरला जन्मलेल्या तरसेम सिंग यांनी, आणि त्याला त्या वर्षीचे एम टीव्हीचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. योगायोग असा की १९९१ सालीच उपग्रहाद्वारे एम टीव्ही भारतात दिसू लागला. मुंबईच्या रंगभवनात १९८६ पासून ‘इंडिपेन्डन्स रॉक’चा मेळावा भरत होता, तेव्हा शौकीन होतेच, आता त्यांना नवी नावे घरबसल्या समजू लागली. अर्थात पडद्यावर दिसत ती ‘निर्वाना’सारखी नावे. ‘स्लिंट’ पोचायचा तो कॅसेटमधूनच.

आज कॅसेट गेली. फोनवर बोट ठेवले की जगातला जवळपास कोणताही अल्बम वाजू लागतो. मग आता यादीची गरज काय? माझ्या मते गरज वाढली आहे. एकेकाळी दुकानाच्या गल्ल्यावर होणारी मोजणी आता प्रत्येक ऐकण्यागणिक होते, आणि पैसे त्या मोजणीवर ठरतात. ‘स्पॉटिफाय’ने २०२४ पासून नियम केला की जे गाणे मागच्या बारा महिन्यांत किमान १००० वेळा ऐकले गेले नाही, त्याच्या मुद्रणाचा मोबदला द्यायचा नाही. १९९१ सालच्या ‘स्पायडरलँड’सारखी सुरुवात आज एखाद्या बँडची झाली, तर त्याच्या पदरात काय पडेल याचा विचार करून पाहा. शिवाय यंत्र आपल्याला जे पुढे करते ते बहुधा आधीच पुष्कळांनी ऐकलेले असते. गर्दीच्या वाटेवर गर्दी वाढते.

म्हणून वर्षअखेरीची यादी करणाऱ्या तरुण मित्रांना चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. अल्बम यादीत घालण्यापूर्वी तो एका बैठकीत, मूळ क्रमाने, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावा. यादीतली निदान निम्मी नावे खपाच्या पहिल्या शंभरांबाहेरची असावीत. ती सापडत नसतील तर शोध अपुरा आहे असे समजावे. लहान कंपनीचा एक तरी अल्बम पैसे मोजून विकत घ्यावा. ‘बँडकॅम्प’सारख्या ठिकाणी आज ती सोय आहे, आणि आपण दिलेल्या पैशांचा मोठा भाग कलावंताला मिळतो. आणि यादी फाडून टाकू नये. पाच वर्षांनी ती पुन्हा काढावी, तेच अल्बम पुन्हा ऐकावेत आणि क्रम बदलावासा वाटला तर खुशाल बदलावा.

एवढे सांगून स्वतःची यादी दिली नाही, तर तुम्ही मला सोडणार नाही. १९९१ सालची माझी निवड अशी : पहिला ‘स्पायडरलँड’, दुसरा ‘लव्हलेस’, तिसरा ‘लाफिंग स्टॉक’, चौथा ‘नेव्हरमाइंड’, पाचवा ‘आउट ऑफ टाइम’ आणि सहावा ‘बँडवॅगनेस्क’. ‘नेव्हरमाइंड’ चौथा का, असे माझे विद्यार्थी दर वर्षी रागाने विचारतात. माझे उत्तर असे की त्याने दार उघडले, हे त्याचे ऋण मोठे आहे. परंतु पहिल्या तिघांत मला अजून दर खेपेला काहीतरी नवे सापडते, तसे त्यात सापडत नाही. हे ज्यांना पटत नसेल त्यांनी सहाही अल्बम सवडीने ऐकावेत, आपला क्रम लावावा, आणि मग भांडायला जरूर यावे.